तात्पुरता अपहार

जिन्याखालच्या इस्त्रीच्या दुकानाला आग लागली, तेव्हा माझी एक पँट आत होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. लपवलं असा आरोप माझ्यावर एकदा झालेला आहे आणि तो पुन्हा ऐकायची माझी ताकद नाही.

रविवारची दुपार होती. इस्त्रीवाले कपड्यांचा गठ्ठा घेऊन चौथ्या मजल्यावर गेले होते, आणि खाली कुठलीशी वायर तापली. या इस्त्रीवाल्यांना आमची सगळी इमारत कडकभाऊ म्हणते, कारण कुठलाही कपडा हातात घेतला की ते "कडक करून देतो" एवढंच म्हणतात. धूर आधी तळमजल्यावर आला, मग जिन्यात, आणि मग आम्ही सगळे बादल्या घेऊन पळालो. दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर चूळ भरायच्या ग्लासानं पाणी मारत होते असं पुढे लोक सांगत सुटले. ते साफ खोटं आहे. त्यांच्या हातात बाथरूममधला मग होता. मी शेजारीच होतो.

अर्ध्या तासात आग विझली. कुणाला इजा झाली नाही. पण टेबल, इस्त्री, फळ्या आणि बावीस बिऱ्हाडांचे कपडे यांचा एकच काळा चिखल झाला होता. कडकभाऊ पायरीवर बसले होते. त्यांच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, आतून एक वाकलेला हँगर काढला, थोडा वेळ त्याच्याकडे बघितलं आणि तो सरळ करायला घेतला. आम्ही सगळे भोवती उभे राहून हळहळत होतो. हळहळता हळहळता प्रत्येकाचा एक डोळा चिखलात आपला शर्ट शोधत होता, हेही खरं.

तेवढ्यात मी म्हणालो, "काहीतरी केलं पाहिजे आपण."

आता हे वाक्य काही वाईट नाही. जगात रोज हजारो माणसं ते म्हणतात आणि सुखरूप घरी जातात. पण ते चार माणसं बोलत असताना म्हणायचं असतं, म्हणजे गलक्यात विरून जातं. मी ते नेमकं सगळे गप्प असताना म्हणालो. बायकोनं मागून शर्ट ओढला, पण उशीर झाला होता.

"मग तुम्हीच घ्या पुढाकार," पहिल्या मजल्यावरच्या हेडबाई म्हणाल्या. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी त्यांनी एखाद्याकडे बोट केलं की तो उभा राहतो. मी तर उभाच होतो.

"बरोबर आहे," डॉक्टर म्हणाले. "वजनमापाच्या ऑफिसातला माणूस. काटा मारायचा नाही."

मी वजनमापे तपासणी कार्यालयात आहे हे खरं. पण मी आवक-जावक रजिस्टर लिहितो. एकोणीस वर्षांत पेपरवेट सोडून एकाही वजनाला माझा हात लागलेला नाही. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सगळ्यांसमोर कुणी आपल्याला प्रामाणिक म्हणालं, की त्याची दुरुस्ती करायला जीभ रेटत नाही.

पैसे गोळा करणं अवघड असतं अशी माझी समजूत होती. पैसे येतात. अवघड असतात त्या अटी. डॉक्टरांनी एक हजार दिले आणि कानात म्हणाले, "गुप्तदान. माझं नाव कुठंही येता कामा नये." मी तोंडाला कुलूप लावलं. दोन दिवसांनी जिन्यात त्यांनीच थांबवलं.

"कुणाला कळलं का हो?"

"छे! कुणाला नाही."

"अगदी कुणालाच नाही?" त्यांचा चेहरा एवढा पडला की मला वाटलं, निदान तिसऱ्या मजल्यावर तरी बोलायला हवं होतं.

हेडबाईंनी पाचशे दिले ते फक्त इस्त्रीसाठी. टेबलाला त्यातली दमडी वापरायची नाही. टेबल काय, कुणीही देतं. तळमजल्यावरच्यांनी तीनशे दिले ते कडकभाऊ तंबाखू सोडतील या बोलीवर. एकांनी दोनशे दिले आणि सांगितलं, आधी बाकीचे किती देतात बघा. कमी पडले तर हे वापरा, नाहीतर परत द्या. मी प्रत्येक अटीसाठी वेगळं पाकीट केलं. आठवड्याभरात माझ्याकडे सतरा पाकिटं झाली, आणि कुठल्या पाकिटातून काय घ्यायचं नाही याची एक यादी.

राहिले टिकमार्क. तिसऱ्या मजल्यावर राहतात. आयुष्यभर लोकांचे हिशोब तपासले आणि त्यावर हिरव्या शाईनं खुणा केल्या, म्हणून हे नाव. त्यांनी पन्नास दिले आणि हात पुढे करून उभे राहिले.

"पावती?"

मी कागदावर लिहून दिली.

"क्रमांक कुठाय? क्रमांक नसलेल्या पावतीला चिठ्ठी म्हणतात."

म्हणून पावतीपुस्तक छापायला टाकलं. माझ्या स्वतःच्या पैशानं, हे कुणी विचारत नाही म्हणून सांगतो. छापखान्यातून पुस्तक आलं, त्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं: 'स्त्री मदत निधी'. पहिली इ उडाली होती.

"साहेब, एका अक्षरानं काय होतंय?" छापखानावाला म्हणाला. "उलट जास्त जमेल बघा. इस्त्रीला नाही म्हणतील, स्त्रीला कोण नाही म्हणेल?"

बायकोनं पुस्तक उघडलं, शांतपणे मिटलं आणि विचारलं, "कुठल्या स्त्रीला चाललीय मदत?"

त्या संध्याकाळी मी शंभर पावत्यांवर शंभर इ काढल्या. टिकमार्कनी पुस्तक चाळलं आणि म्हणाले, "ही खाडाखोड झाली. प्रत्येक दुरुस्तीशेजारी सही हवी." मग शंभर सह्या केल्या. शेवटी शेवटी माझी सही इ सारखी आणि इ सहीसारखी दिसायला लागली.

पैसे बँकेत ठेवू म्हटलं. तिथल्या बाईंनी विचारलं, "संस्था नोंदणीकृत आहे?"

"संस्था नाहीये. जळालेलं दुकान आहे."

"मग दुकानाचा परवाना आणा."

"तो जळाला."

"मग जळाल्याचा दाखला आणा."

अग्निशमन केंद्रात गेलो. तिथल्या साहेबांनी रजिस्टर काढलं, बोट फिरवत खालपर्यंत आले आणि म्हणाले, "त्या तारखेला तुमच्याकडे आग नाही."

"होती हो. आम्ही बादल्यांनी विझवली."

"आम्हाला बोलावलं होतंत?"

"नाही."

"मग कशी असेल आग?" त्यांनी रजिस्टर मिटलं. "पुढच्या वेळी विझवायची घाई करू नका."

अशा रीतीनं आग लागली नाही म्हणून परवाना जळाला नाही, परवाना जळाला नाही म्हणून नवा मिळेना, नवा मिळेना म्हणून खातं उघडेना, आणि पैसे माझ्या घरी राहिले.

दुसऱ्याचा पैसा घरात ठेवणं म्हणजे दुसऱ्याचं तान्हं मूल सांभाळायला घेणं. झोपलं तरी काळजी, उठलं तरी काळजी. आधी मी पाकिटं कपाटात ठेवली. कपाट ही चोर पहिल्यांदा बघतो ती जागा, म्हणून ती वॉशिंग मशीनमध्ये हलवली. मग बायको कपडे धुवायला लागली, म्हणून रद्दीत. मग रद्दीवाल्याचा आवाज आला आणि मी दाढी अर्धी टाकून पळालो. शेवटी बिस्किटांच्या मोठ्या डब्यात ठेवली आणि डबा फ्रिजवर. ऑफिसात रजिस्टर लिहिता लिहिता घाम फुटायचा. घरी फोन लावायचो.

"आहेत का?"

"कोण?"

"ते."

"आहेत," बायको म्हणायची. "आत्ताच जेवले आणि आडवे झालेत."

पाचव्या दिवशी कडकभाऊ आले. दारातच उभे राहिले. आत या म्हटलं तर पायाला राख आहे म्हणाले.

"साहेब, ते पैसे... थोडे मिळाले असते तर..."

मला वाटलं, यांच्या मनात शंका आली. माझा ऊर भरून आला. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "भाऊ, तुम्ही अजिबात चिंता करू नका. खातं उघडेपर्यंत त्यातला एक पैसाही इकडचा तिकडे होणार नाही. मी स्वतःसुद्धा हात लावणार नाही!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. काहीतरी बोलणार होते. मग "बरं साहेब" म्हणाले आणि गेले. मी दार लावून बायकोला म्हटलं, "बघितलंस? केवढा विश्वास आहे माणसाचा."

शनिवारी सकाळी गॅसवाला आला. बायको बाजारात गेली होती. सिलिंडर दारात, गॅसवाला घाईत आणि माझ्या पाकिटात तीनशे चाळीस कमी. मी घरभर फिरलो. सगळे खिसे पालथे केले. फ्रिजवरचा डबा मला दिसत होता. मी त्याच्याकडे बघत नव्हतो, पण तो दिसत होता. खाली आणखी चार इमारतींचे सिलिंडर खोळंबलेत, असं गॅसवाला म्हणाला. मी स्टुलावर चढलो, हेडबाईंच्या पाकिटातून तीनशे चाळीस काढले आणि त्या जागी चिठ्ठी ठेवली: 'तीनशे चाळीस, मी.' तेवढ्यात बायको दारात आली. मला स्टुलावर बघून काही न बोलता स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं, तिनं बघितलं नाही.

सोमवारी ऑफिसातून येताना माझ्या खात्यातून पैसे काढले, डब्यात परत ठेवले, चिठ्ठी फाडली, तुकडे संडासात टाकून दोनदा पाणी ओतलं. गुन्हेगार असंच करतात हे मला तेव्हा सुचलं नाही. उलट हलकं वाटलं.

बुधवारी सगळे पैसे मोजले. पावत्यांप्रमाणे अठरा हजार चारशे पन्नास. डब्यात अठरा हजार सातशे नव्वद. पुन्हा मोजले. अठरा हजार सातशे नव्वद. मी खिडक्या लावून घेतल्या आणि जमिनीवर बसून तिसऱ्यांदा मोजले.

पैसे कमी भरले असते तर खिशातून घातले असते आणि प्रकरण मिटलं असतं. तुटीवर उपाय असतो. पण जास्त पैशांचं माणसानं करायचं काय? ते तीनशे चाळीस आहेत, म्हणजे मी घेतले तेवढेच आहेत, हेही डोक्यात येईना, इतका मी भेदरलो होतो. मी तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत आणि चौथ्यापासून तळापर्यंत दारोदार गेलो. विचारलं, "तुमच्याकडून चुकून थोडे जास्त तर आले नाहीत ना?"

पाच जणांना आठवलं की आपल्याकडूनच आले. एकांना तर बरोब्बर पाचशे जास्त गेल्याचं आठवत होतं.

आणि याच दिवसांत माझी नवी पँट. पँट जळाली होती, ऑफिसला जायचं होतं, पँट घेतली. यात कुणाला काय वाटावं? पण जिन्यात भेटेल तो आधी पँटकडे बघायचा आणि मग माझ्याकडे.

"वा! नवी?"

"हो. पगारातून."

"छान छान. आम्ही कुठं काय म्हणतोय?"

मी पँटचं बिल पँटच्याच खिशात ठेवून फिरायला लागलो. डॉक्टरांना न विचारताच दाखवलं. त्यांनी ते वाचलं, घडी घालून परत दिलं आणि म्हणाले, "तुम्ही जरा शांत झोप घ्या." माणसानं निर्दोष असावं, पण त्याचा पुरावा खिशात घेऊन हिंडू नये, एवढं मी त्या दिवशी शिकलो.

एकविसाव्या दिवशी, रविवारी सकाळी, गाड्या लावायच्या जागेत सभा भरली. निधी समारंभपूर्वक द्यायचा असं ठरलं होतं. कडकभाऊ आणि वहिनी आले होते. भाऊंचा शर्ट कडक होता. मी टेबलावर डबा ठेवला. टिकमार्कनी चष्मा लावला, हिरवं पेन उघडलं आणि मोजायला बसले. वीस मिनिटं लागली.

"तीनशे चाळीस जास्त," ते म्हणाले.

"हो. ते मलाही कळत नाहीये."

"रोकड जास्त असणं ही तूट असण्याइतकीच गंभीर बाब आहे. जास्त पैसे आकाशातून पडत नाहीत."

तेव्हा माझी बायको उठली. तिच्या हातात पर्स घट्ट धरलेली होती.

"ते मी ठेवलेत," ती म्हणाली. "यांनी शनिवारी सिलिंडरला काढले होते. मला वाटलं विसरतील. म्हणून मी रविवारी घरखर्चातले ठेवले."

"अगं, पण मी सोमवारी ठेवले!"

"मला काय माहीत? तुम्ही सांगता का काही?"

सभेत कुणीतरी हसलं, मग थांबलं. टिकमार्क हसले नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे शनिवार ते सोमवार निधीचे पैसे तुमच्या स्वयंपाकघरात वापरात होते."

"परत ठेवले ना पण मी! दुप्पट परत गेलेत!"

"आमच्या भाषेत याला तात्पुरता अपहार म्हणतात," टिकमार्क अगदी मृदू आवाजात म्हणाले. डॉक्टर दात काढण्याआधी बोलतात ना, तसं.

अपहार! एकोणीस वर्षांत ऑफिसची टाचणी घरी आणली नाही मी. मी कडकभाऊंकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. मी स्वतःसुद्धा हात लावणार नाही, असं मी त्यांच्याच खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं. आणि ते रागावलेले दिसत नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं.

मी असा पडल्यावर बाकीच्यांना मोकळं वाटायला लागलं. हेडबाई म्हणाल्या, "पैशांचा विषय निघालाच आहे म्हणून विचारते. मी पाचशे दिले. पण माझे चार पडदे गेले, त्याचं काय?"

बस्स. बांध फुटला. डॉक्टरांचा कोट होता, सुटातला. तळमजल्यावरच्यांच्या तीन जीन्स होत्या, परदेशातून आणलेल्या. निधीतून आधी जळालेल्या कपड्यांची भरपाई वजा करावी आणि उरलेले भाऊंना द्यावेत, हे न्यायाचं होईल, असं कुणीतरी म्हणालं आणि माना हलल्या. टिकमार्कनी मला यादी करायला बसवलं. बदनाम झालो तरी माझं अक्षर चांगलं आहे. मी लिहीत गेलो आणि शेवटी, खोटं कशाला बोलू, हात आपोआप गेला: 'एक पँट, बाराशे.' दोन वर्षांपूर्वी सातशेला घेतली होती.

बेरीज एकतीस हजार दोनशे झाली. टिकमार्क म्हणाले, "वाचा."

मी वाचलं. निधी अठरा हजार चारशे पन्नास, भरपाई एकतीस हजार दोनशे. म्हणजे आमच्या मदतीपोटी कडकभाऊंनीच आम्हाला बारा हजार सातशे पन्नास द्यायचे होते.

कुणी हसलं नाही. सगळे भाऊंकडे बघत होते. भाऊ खाली बघत होते. मग म्हणाले, "लिहून घ्या साहेब. जमेल तसे फेडीन."

"थांबा हो," वहिनी म्हणाल्या.

बारा वर्षांत मी त्यांचा आवाज क्वचितच ऐकला होता. त्या टेबलाजवळ आल्या. भांडण नाही, चढा सूर नाही. भाजीवाली हिशोब करते तसं त्यांनी सुरू केलं.

"दुसऱ्या मजल्यावरचे डॉक्टर. चार शर्ट. कोट नव्हता."

"होता," डॉक्टर म्हणाले.

"कोट आदल्या बुधवारी वर दिला. तुम्हीच घेतला दाराआडून. तोंडात ब्रश होता तुमच्या."

डॉक्टर आठवायला लागले. त्यांच्या बायकोला आधीच आठवलं होतं, ती दुसरीकडे बघत होती.

"हेडबाई. पडदे दोन. दुसरे दोन तुमच्या खिडकीला आहेत."

बावीस बिऱ्हाडांनी माना वर केल्या. पहिल्या मजल्याच्या खिडकीत दोन पडदे वाऱ्यावर छान हलत होते.

"तळमजला. जीन्स एकच. चेन बिघडली म्हणून माझ्याकडे होती." असं करत त्या बावीस बिऱ्हाडं फिरल्या. कागद नाही, चिठ्ठी नाही. कुणाचं बटण कुठल्या रंगाच्या दोऱ्यानं लावलं, तेही. शेवटी माझ्याकडे वळल्या. "साहेबांची एक पँट. मागून विरली होती. उन्हात आरपार दिसायचं, म्हणून मी आतून अस्तर लावलं. पैसे नव्हते घेतले."

सगळ्यांच्या नजरा जिथं जायच्या तिथं गेल्या. बायको हळूच म्हणाली, "मला नाही सांगितलंत." मला तरी कुठं माहीत होतं? आरपार दिसणारी पँट घालून मी किती दिवस ऑफिसला गेलो, हा हिशोब मात्र मी कधीच केला नाही आणि करणारही नाही.

"आता आमचं सांगते," वहिनी म्हणाल्या. "मागच्या गल्लीत एक खोली मिळत होती. इथं वायरी जळाल्यात, वीज कधी येणार कुणी सांगेना. शनिवारपर्यंत अनामत द्यायची होती. हे साहेबांकडे येऊन गेले. पैसे सुरक्षित आहेत म्हणाले साहेब. मग मी शनिवारी सकाळी घरातलं शिलाई मशीन विकलं. दोन आठवडे झाले, उसनी इस्त्री आणून आम्ही तिकडंच काम करतोय. तुमच्यातला एकही जण बघायला आला नाही, म्हणून माहीत नाही तुम्हाला."

शनिवारी सकाळी.

मी उठून उभा राहिलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. एकवीस दिवस मी ते पैसे चोरांपासून सांभाळले, रद्दीवाल्यापासून सांभाळले, बँकेपासून, वॉशिंग मशीनपासून सांभाळले. आणि ज्यांचे होते त्यांच्यापासूनही तितक्याच चोखपणे सांभाळले. फक्त माझ्या सिलिंडरपासून सांभाळले नव्हते. मी यादी फाडली. पाकिटं उघडायला लागलो. इस्त्रीचं, तंबाखूचं, कमी पडले तर वापरायचं, सगळी टेबलावर ओतली.

"अहो, ठराव झालेला नाही!" टिकमार्क म्हणाले. "अटी आहेत त्यावर!"

"अपहार झालाच आहे, आणखी थोडा होऊ दे," मी म्हणालो. माझा आवाज एवढा मोठा निघाला की मी स्वतःच दचकलो. "वहिनी, घ्या. कशाला हवेत ते विचारत नाही. आधी विचारायला हवं होतं तेव्हा विचारलं नाही, आता विचारायचा हक्क नाही मला."

वहिनींनी पैसे मोजले. किती भरभर! तीन मिनिटांत अठरा हजार चारशे पन्नास वेगळे केले आणि उरलेले तीनशे चाळीस उचलून माझ्या हातात नाही, माझ्या बायकोच्या हातात दिले. टिकमार्कनी पावती मागितली. वहिनींनी सही केली. हेडबाई मध्येच उठून गेल्या. मला वाटलं, रागावल्या. पाच मिनिटांनी खाली आल्या तेव्हा हातात घडी घातलेले दोन पडदे होते. "इस्त्री करायचीय," त्या कुणाकडेही न बघता म्हणाल्या. "खोली कुठं म्हणालात?"

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण दान दिलेला पैसा देणाऱ्याचा पिच्छा सोडत नाही. पंधरा दिवसांनी डॉक्टर जिन्यात कुजबुजले, "ऐकलंत का? कडकभाऊंनी खुर्ची घेतलीय. फिरती. गादीची. माझ्या दवाखान्यात आहे तसली!"

"आणि शिलाई मशीन?"

"ते आणलं म्हणे परत, जास्त पैसे मोजून. ते ठीक आहे. पण खुर्ची? आपल्या पैशातून?"

दोन दिवसांत खुर्ची सगळ्या मजल्यांवर पोचली. कुणी म्हणालं, इस्त्री काय बसून करतात? कुणी म्हणालं, पुढच्या वेळी विचार करून द्यायला हवं. शेवटी टिकमार्क माझ्याकडे आले. "निधी तुमच्या हातून गेलाय. विनियोगाची तपासणी तुम्हीच करायला हवी. निदान किंमत विचारून या."

मी नाही म्हणालो. आणि मग रात्रभर कूस बदलत राहिलो. विचारणार नाही असं चारचौघांत मीच म्हटलं होतं. पण मनात तो प्रश्न डासासारखा घोंगावत होता: केवढ्याला असेल? सकाळी दोन शर्ट घेतले, मुद्दाम चुरगळले आणि मागच्या गल्लीत गेलो.

छोटी खोली होती. भाऊ बाहेर कपडे पोचवायला गेले होते. वहिनी मशीनवर बसून कुणाच्या तरी बाहीला शिलाई घालत होत्या, त्या खुर्चीत. निळ्या रंगाची, पाठ टेकायला उंच, खाली पाच चाकं. एक पाय जरा ढकलला की त्या मशीनकडून टेबलाकडे वळायच्या, शर्टाची घडी करायच्या आणि परत वळायच्या. मी दारात उभा. प्रश्न ओठांवर.

"काय साहेब?" त्यांनी वर बघितलं.

"हे... किती..." मी म्हणालो. त्या थांबल्या. बघत राहिल्या. त्यांना कळलं होतं, मला दिसलं. "किती वेळ लागेल शर्टांना?" मी म्हणालो.

"पंधरा मिनिटं. बसा की." त्या उठल्या आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. "कंबर धरायची हो माझी. बारा वर्षं स्टुलावर काढली. बसा, बसून बघा."

मी बसलो. गादी आधी थोडी खाली गेली, मग तिनं मला नीट धरलं. पाय जमिनीवरून सुटले. खुर्ची हळूच आपली आपण वळली. गल्ली दिसली, मग भिंत, मग टेबलावर वाफ निघणारे माझे शर्ट. वहिनी उभ्यानं इस्त्री करत होत्या. महिनाभरात पहिल्यांदा मला कुठं पळायचं नव्हतं.

घरी आलो तर टिकमार्क जिन्यातच उभे होते, वहीसकट.

"किंमत?"

"नाही विचारली."

"मग एवढा वेळ तपासलंत काय?"

"बसून बघितलं," मी म्हणालो. "बरोबर आहे."